पाळकांचा बुरखा की पडदा?

प्रश्न असा आलाय: अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या १८३६ सालच्या ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’ या कथेचं नाव मराठीत ‘मंत्र्याचा काळा बुरखा’ असं केलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘मिनिस्टर’ दिसला की ‘मंत्री’ लिहून मोकळं व्हायची ही सवय आता असह्य झाली आहे. कथेतले हूपर हे न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) एका प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट, गावाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. एके रविवारी ते तोंडावर काळं कापड घेऊन येतात आणि मरेपर्यंत ते काढत नाहीत. अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) ख्रिस्ती घरांत ‘पाळकसाहेब’ म्हणतात, तोच शब्द इथे हवा. आणि या घरांचं न्यू इंग्लंडशी नातं खरंच आहे: इथे ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना १८१२ साली दीक्षा मिळाली ती सेलममध्ये, हॉथॉर्नच्या जन्मगावी.

आता बुरखा. शब्द अरबी, ते सोडा. अडचण वाक्प्रचाराची आहे. मराठीत बुरखा पांघरतो तो ढोंगी, आणि त्याचा बुरखा फाडायचा असतो. शीर्षकातच असा निकाल लावलात तर कथेत उरलं काय? हूपर पाप झाकत नाहीत. कपाळावरून सोडलेल्या क्रेपच्या, म्हणजे पातळ काळ्या कापडाच्या, दोन पदरांनी ते पाप आहे असं जगजाहीर करतात. हॉथॉर्नचा समकालीन अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोने १८४२ साली लिहून टाकलं की पडदा घेतला त्याच दिवशी हूपर ज्या तरुणीच्या अंत्यविधीला जातात, तिच्याशी त्यांचं काही काळं कृत्य जोडलेलं आहे. मला हे साफ नामंजूर. न्यू इंग्लंडच्याच मेन राज्यातल्या जोसेफ मूडी या पाळकाच्या हातून चुकून मित्राचा जीव गेला आणि त्याने मरेपर्यंत तोंड झाकलं, हे हॉथॉर्नने स्वतः तळटीपेत दिलंय, आणि त्या खुणेचा अर्थ तिथे वेगळा होता असंही बजावलंय. तरी गुन्हा शोधत बसायचं?

‘पडदा’ घ्या. फारसी ‘पर्दा’ मराठीत आला आणि आपण त्याला घरचा ‘आड’ जोडून दिला: आडपडदा. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत यांची रीत तीच. घरचा आणि बाहेरचा शब्द मिळून एकच अर्थ ठसवतात. पण आडपडद्याची खरी मौज अशी की तो आपण जवळजवळ नेहमी नकारातच वापरतो. ‘आडपडदा न ठेवता बोल.’ ‘आमच्यात काही आडपडदा नाही.’ मरणाच्या अंथरुणावर हूपर या नकारावरच बोट ठेवतात: मित्र मित्रापुढे, प्रियकर प्रेयसीपुढे अंतःकरण पुरतं उघडं करील, तेव्हा मला खुशाल राक्षस म्हणा, मला तर प्रत्येक चेहऱ्यावर काळा पडदा दिसतोय. वाग्दत्त वधू एलिझाबेथ ‘एकदाच वर करा’ म्हणाली होती, तेव्हाही त्यांनी ऐकलं नव्हतं.

शिवाय पडदा हलतो. पहिल्या रविवारी हूपर येतात तेव्हा ते कापड त्यांच्या श्वासाने हलत असतं, आणि शेवटच्या दिवशी, धाप लागून एकेक श्वास जड झालेला असतानाही, तेच कापड हलत असतं.