बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल येते. फरशी न फोडता गळती सापडेल का? थर्मल कॅमेऱ्याचा (तापमानातला फरक दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा) उपयोग होतो का?

सापडेल, आणि फोडण्याआधीच ती सापडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्याकडे कपाटामागच्या भिंतीला ओल दिसू लागली, तेव्हा गवंड्याने नुसता हात लावून बाथरूमचे वॉटरप्रूफिंग गेल्याचे जाहीर केले आणि माझ्या थोरल्या बंधूंनी त्याचीच री ओढून सगळी फरशी उखडण्याचा आग्रह धरला. माझे म्हणणे एवढेच होते की, आम्ही सर्व जण परगावी असतानाही ओल वाढली होती. कोणी अंघोळच केली नाही, तर फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपणार कुठून? वापर बंद असतानाही टिकणारी ओल बहुधा दाबाच्या, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या पाइपची असते, अंघोळीनंतर वाढणारी नहाणी ट्रॅपची (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भागाची) किंवा सांध्यांची, आणि केवळ पावसाळ्यात उमटणारी बाहेरच्या भिंतीची.

मी घरातले सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहिला, तर त्याचा लहान काटा हळूहळू फिरतच होता. गिझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करताच तो थांबला. प्लंबरने गरम पाण्याच्या लाइनला हातपंपाने दाब देऊन पाहिला, तोही टिकेना. अखेर मिक्सरजवळची (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाजवळची) एकच टाइल काढली. आत एल्बोच्या (पाइपच्या वळणावरच्या जोडाच्या) पितळी आट्यांवर हिरवट थर जमला होता आणि त्याच्या कडेने पाणी इतके बारीक पाझरत होते की बोट लावल्यावरच ते कळले.

थर्मल कॅमेऱ्याविषयी आपण विचारले आहे. ओल कुठवर पसरली आहे ते तो दाखवतो, परंतु पाणी फरशीखालच्या थरातून दूरवर सरकत असल्याने उगम तिथेच असेल असे नाही.

मीटर स्थिर राहिला, तर मात्र नहाणीचे तोंड बंद करून रंगीत पाणी दिवसभर साठवावे आणि भिंतीवर तो रंग उमटतो का ते पाहावे. इमारतीला सामाईक मीटर असल्यास माझी पद्धत चालणार नाही. तिथे थेट दाबाची चाचणीच करावी. ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल, तर त्याचा वीजपुरवठा आधी तोडावा.

भिजलेले प्लास्टर वाळायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच ओल दिसली म्हणून निदान चुकले, हा आमच्या बंधूंचा निष्कर्ष मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.