संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावरची पहिली वीस मिनिटं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मोठा साडेतीन वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची, २६ आठवड्यांची रजा संपवून तू कामावर रुजू झालीस त्याला दोन महिने झाले. संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत घरात नुसती रडारड. मोठा मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही, धाकटीला चिमटे काढतो, झोपायला अकरा वाजवतो. सासूबाई म्हणतात, दिवसभर शहाण्यासारखा असतो, तू आलीस की बिघडतो. आणि शेवटी तू विचारलंयस, "माझंच काही चुकतंय का?"

सासूबाई खरं तेच सांगताहेत, फक्त त्याचा अर्थ उलटा घे. दिवसभर त्याने स्वतःला आवरून धरलेलं असतं, आई दिसली की बांध फुटतो. ज्या माणसाजवळ हक्काने रडता येतं, त्याच्याचजवळ मूल रडतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझा थोरला आता अकरा वर्षांचा आहे, धाकटा आठचा. तेव्हा थोरला सव्वातीनचा होता. सीएसएमटीहून फास्ट गाडीनं उभ्यानं डोंबिवली, म्हणजे तासभर, मग रिक्षाची रांग. घरात शिरले की पर्स खुर्चीवर टाकून मी थेट ओट्याशी जायची, कारण आठाच्या आत कुकर लागला नाही तर पुढचं सगळं लांबतं. एक दिवस तो पायाला बिलगला, मी "थांब रे जरा" म्हणत त्याला बाजूला केलं. पाच मिनिटांनी मागे बघते तर तांदळाचा अख्खा डबा फरशीवर ओतलेला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. सासूबाई आतून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, साडेपाचपासून खिडकीत उभा होता तो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच गोष्ट बदलली. घरात आले की हातपाय धुऊन, कपडे बदलून सरळ जमिनीवर बसायचं. वीस मिनिटं, घड्याळ लावून. फोन कपाटात. स्वयंपाकघरात जायचंच नाही, पाणीसुद्धा कोणाकडून तरी मागून घ्यायचं. त्या वीस मिनिटांत त्याला काही शिकवायचं नाही, "आज शाळेत काय केलं?" असं खोदून विचारायचं नाही. तो भांडी मांडून चहा करणार असेल तर तो रिकामा चहा प्यायचा. अंगावर लोळणार असेल तर लोळू द्यायचं. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं घर शेणाचं ही गोष्ट त्या वर्षी मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. पहिले तीन-चार दिवस तो उठूच देईना, वीसची पस्तीस मिनिटं झाली. आठवडाभरात मात्र तो आपणहून उठून गाड्यांशी खेळायला जाऊ लागला. पोट भरलेलं मूल पानावरून उठतं ना, तसंच ते होतं.

तुझ्याकडे दोघं आहेत, म्हणून धाकटीला मांडीवर घे, पण डोळे मोठ्याकडे ठेव. ती आठ महिन्यांची आहे, तिला तुझा वास आणि मांडी पुरते. त्याला मात्र तुझी नजर लागते.

आता तू म्हणशील, स्वयंपाकाचं काय? तो संध्याकाळचा राहताच कामा नये. भाजी आणि वरणाची डाळ सकाळच्याच कुकरला उरकून फ्रीजमध्ये, कणीकही सकाळीच मळलेली. परवडत असेल तर पोळ्यांना बाई लाव किंवा पोळीभाजी केंद्रातून घे, त्यात कमीपणा काही नाही. संध्याकाळी फक्त ताजा भात. मुलांचं ताट साडेसात-पावणेआठला मांड, मोठ्यांची जेवणं नंतर. नऊ वाजता सगळ्यांनी एकत्र जेवायचं हे ऐकायला छान वाटतं, पण साडेतीन वर्षांचं मूल नऊ वाजता भुकेच्या पलीकडे गेलेलं आणि झोपेला आलेलं असतं. तुझा निम्मा मोबाइलचा प्रश्न या उशिरामुळे आहे असं मला वाटतं.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी घरं इथेच रडकुंडीला येतात. बाळाचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं, ३ किलोचं बाळ वर्षाला ९ किलोच्या आसपास जातं. त्यानंतर मात्र वाढ वर्षाला २ किलोच्या आसपास येते. साहजिकच भूक कमी होते. आपल्याला वाटतं मूल जेवत नाही, आणि मग मोबाइल लावून आपण त्याच्या नकळत घास भरतो. त्याचं पोट "पुरे" म्हणतंय हे त्याला कळेनासं होतं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं अजून पाळते: काय वाढायचं, कधी आणि कुठे हे आपण ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. आणखी एक, दिवसभरात दूध किती जातं ते मोज. माझा थोरला तीन मोठे पेले दूध प्यायचा, मग वरण-भाताला जागा कुठून उरणार? डॉक्टरांनी ४०० मिलीवर आणायला सांगितलं आणि आठवड्याभरात पानातलं संपू लागलं. तुझ्या मुलाचं प्रमाण तुझ्या डॉक्टरांना विचारून ठरव.

मोबाइल बंद करायचा तर शुक्रवारी रात्री सुरू कर, म्हणजे पहिले दोन दिवस तू घरात असशील. आदल्या दिवशी त्याला सांग, उद्यापासून जेवताना फोन झोपणार. मग खरंच घरातल्या सगळ्यांचे फोन कपाटात, त्याच्या बाबांचासुद्धा. ताटात एक तरी हमखास आवडीचा पदार्थ ठेव. आमच्याकडे मेतकूट-भात-तूप होता, तुझ्याकडे थालीपीठ असेल. पहिल्या रात्री माझ्या थोरल्याने चार घास खाल्ले आणि ताट ढकललं. मी ताट उचललं, रागावले नाही, मागे बशी घेऊन फिरलेही नाही. झोपण्यापूर्वी भूक लागली म्हणाला तेव्हा केळं दिलं. नवव्या दिवशी त्याने फोन मागितला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार या वयात स्क्रीन दिवसाला १ तासाच्या आत हवी, आणि एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. म्हणजे मोठा बघत असताना शेजारी बसलेल्या धाकटीचाही विचार करायचा आहे. तिला त्याच वेळी मऊ खिमट किंवा मीठ घालण्याआधी बाजूला काढलेला वरण-भात भरव. तिला वर्षाच्या आत मध चाटवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चिमट्यांबद्दल. "तू आता दादा झालास, मोठा झालास" हे वाक्य घरातून हद्दपार कर. साडेतीन म्हणजे काही मोठा नव्हे. माझ्या बाबतीत जे चाललं ते हे: धाकटा रडू लागला की थोरल्याला ऐकू जाईल असं मी धाकट्यालाच सांगायची, "थांब हं, आता दादाची गोष्ट चालू आहे, ती संपली की तुला घेते." अर्ध्या मिनिटाने बाळाचं काही बिघडत नाही, पण आपल्यासाठीही कोणाला थांबायला सांगतात हे ऐकून थोरल्याचा चेहरा बदलायचा. चिमटा काढलाच तर हात धर, "दुखतं, मी चिमटा काढू देणार नाही" एवढंच म्हण आणि दोघांना लांब कर. भाषण नको.

झोप बाबांकडे सोपव. तुझा नवरा साडेआठला येतो असं लिहिलंयस. मग मोठ्याला झोपवणं हे त्याचं काम, "मदत" म्हणून नव्हे, रोजचं. दात घासणं, गोष्ट, दिवा बंद, सगळं. पहिला आठवडा मूल "आईच हवी" म्हणून रडेल, तू खोलीत जाऊ नकोस. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. अकराला झोपून सातला उठवत असाल तर तो दिवसभर तुटलेलाच असणार. दुपारची झोप चारच्या पुढे जाते का तेही बघ.

आणि सासूबाई. त्या दोन मुलांना दहा तास सांभाळतात. दुपारच्या जेवणाला त्या मोबाइल लावतात म्हणून तू चिडलीस, ते मी समजू शकते, पण त्यावरून वाद घालू नकोस. रात्रीचं जेवण तुझ्या हातात आहे, ते आधी सुधार. मोठा रात्री फोनशिवाय जेवू लागला की दुपारचं आपोआप सैल होतं, आमच्याकडे तसंच झालं. पैसे खर्चायचेच असतील तर भांड्यांच्या बाईपेक्षा पाच ते सात या वेळात मुलांना खाली बागेत नेणारी एखादी ताई शोध. त्या दोन तासांत सासूबाई पाठ टेकतील. तू दारात येशील तेव्हा घरात एक तरी माणूस दमलेलं नसेल.

एक सूचना मात्र लक्षात ठेव. धाकटीला नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असेल. त्या लशीचा ताप कधी कधी लगेच न येता आठवडा-दहा दिवसांनी येतो. त्या पंधरवड्यात मोबाइल सोडवायला घेऊ नकोस, रात्री जागरणं झाली तर तुझाच धीर सुटेल. त्याआधीचा एखादा शुक्रवार धर, नाहीतर सरळ नंतरचा. वीस मिनिटं मात्र आज संध्याकाळपासूनच सुरू कर, त्याला मुहूर्त लागत नाही.