आई जाऊन आठ महिने झाले. सगळे म्हणतात कामात मन रमव, पण रमत नाही. यातून बाहेर कसं पडायचं?

तुमच्या प्रश्नातल्या 'रमव' या शब्दापाशीच मी अडखळलो. माझी आई गेली तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला होता आणि मी तो इमानेइतबारे पाळला. चौदाव्या दिवशी ऑफिसात हजर. संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी. रविवारी माळा आवर, गाडी धू. घरातली कामं संपली, पण मी रोज रात्री दोनला टक्क जागा.

आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला असतं. आई त्यावर दुधाचा हिशेब ठेवायची. दूध नसेल त्या चौकटीत 'खा', म्हणजे खाडा. जादा घेतलं तर '+अर्धा'. शिवाय गॅस कधी लावला, कामवाली कधी आली नाही, सगळं तिथंच. ती जूनमध्ये गेली आणि पान जूनवरच राहिलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते उलटायचा धीर नव्हता. मला वेळ नव्हता, निदान मी तसं म्हणायचो.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. जो तो काहीबाही कबूल करत होता: अण्णांना सांभाळू, धाकटीचं लग्न नीट करू. माझी पाळी आली तेव्हा काही सुचेना आणि तोंडातून गेलं, "आई, दुधाचा हिशेब मी ठेवीन." चुलते बघतच राहिले. तेवढ्यात कावळा शिवला. माझं ऐकून शिवला की माणसं चार पावलं मागं सरली म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

कबूल केलं आणि साफ विसरलो. ऑक्टोबरच्या शेवटी दूधवाल्यानं विचारलं, "दादा, खाडे किती धरू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री दूध तापत ठेवलं आणि कालनिर्णय खाली काढलं. जूनच्या ९ तारखेपर्यंत तिचं अक्षर, पुढच्या चौकटी कोऱ्या. तिथंच ओट्याशी फरशीवर बसलो आणि रडू फुटलं. दूध उतू गेलं, बर्नर विझला, घरभर करपट वास. मग रडतच गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तारेच्या घासणीनं शेगडी घासत बसलो. तोवर मी एक तर काम करत होतो, नाही तर रात्री छताकडे बघत होतो. दोन्ही एकत्र पहिल्यांदाच झालं. त्या रात्री झोप लागली.

पुढं वाचनात आलं की मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलंय: दुःखातला माणूस कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या संसाराकडे असे हेलकावे खातो, आणि सावरणं त्या हेलकाव्यांतूनच होतं. मी एकाच टोकाला गच्च धरून बसलो होतो. दुःखाच्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्याही (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मोजत बसू नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांशी नव्हे.

म्हणून सांगतो, आईचं एखादं रोजचं काम उचला. अगदी लहान, पण रोजचं. मी दूध तापवतो. फोन बाहेर ठेवून पातेल्यासमोर उभा राहतो. आठवण आली तर येऊ देतो, नाही आली तर कडेनं साय सुरकुततेय ती बघतो. याला ध्यान वगैरे म्हणायचं मला धाडस नाही; दूध उतू जाऊ नये एवढाच मूळ हेतू. पण दोनेक महिन्यांनी एकदा चहा पिताना लक्षात आलं, आज आलं जास्त झालंय. म्हणजे जीभ परत आली होती. इतके दिवस मी नुसतं गरम पाणी गिळत होतो.

एक मात्र गंभीरपणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाची वेगळी नोंद आहे आणि तिची किमान मुदत सहा महिन्यांची आहे. आठ महिने झाले म्हणून तुम्ही आजारी, असं नव्हे. पण जेवण, झोप, नोकरी सगळंच अडलं असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर दूध तापवून भागणार नाही. डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. करपट वासानं अण्णा उठून आले. मी कालनिर्णयाची मागची पानं चाळत होतो. मार्चमध्ये १४, १५, १६ या तीन चौकटींत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बोलणे नाही'. मी विचारलं हे काय. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसले. "अरे, तिचा तांब्याचा बंब मी भंगारात घातला होता." हसता हसता डोळे भरले, आवाज गेला. जरा वेळानं म्हणाले, "पण तीन दिवस कुठले? सोळाला सकाळी चहा दिला होता तिनं."

आणि पेन मागून घेऊन त्यांनी सोळाची चौकट खोडली.