इलेक्ट्रॉनिक तबल्यात यादीत नसलेला ताल कसा भरायचा? भरला तर सम सरकते

तुम्ही लिहिलंय की वापरलेला इलेक्ट्रॉनिक तबला मिळाला, सोबत माहितीपुस्तिका नाही. तीनताल, एकताल, झपताल छान वाजतात. पण गुरुजींनी पंचम सवारी हा ताल दिला आहे आणि तो यादीत नाही. म्हणून बटणं दाबून स्वतः भरला, तर दर आवर्तनाला (तालाच्या फेरीला) सम, म्हणजे पहिली मात्रा, थोडी आधीच येते. यंत्र बिघडलंय का?

नाही बिघडलं. एखादी जागा मोकळी सोडायची राहून गेली आहे, एवढंच. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं आणि दोन दिवस यंत्राला शिव्या घातल्या होत्या.

यंत्राला ‘मात्रा’, म्हणजे तालातला एकेक ठोका, हातावर मोजता येत नाही, त्याला फक्त घरं कळतात, म्हणजे बोल भरायच्या सारख्या अंतराच्या जागा. पंचम सवारी १५ मात्रांची. त्यात ‘धीधी’सारखे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे बोल आहेत आणि एका मात्रेत चार अक्षरं बसवणारा ‘तिरकिट’ही आहे. म्हणून प्रत्येक मात्रेची चार घरं धरा. १५ × ४ म्हणजे ६० घरं. बोल नसेल तिथे अवग्रह (ऽ), म्हणजे यंत्रावरचं विश्रांतीचं बटण. एक अवग्रह विसरलात की आवर्तन ५९ घरांचं होतं. यंत्र आपल्या हिशोबाने चोख समेवर येतं, तुमच्या टाळीच्या मात्र पाव मात्रा आधी. चार आवर्तनांत अख्खी मात्रा गेली. तुमची सम नेमकी अशी सरकत असेल तर एकच घर कमी आहे. दोन आवर्तनांतच मात्रा जात असेल तर दोन घरं शोधा.

म्हणून आधी कागद. मी शिकलो तो ठेका (तालाचे ठरलेले बोल) असा:

धी ना धीधी | कत् धीधी नाधी धीना | तीक्र तीना तिरकिट तूना | कत्ता धीधी नाधी धीना

टाळ्या १, ४ आणि १२ वर, ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) ८ वर. बोलांमध्ये घराण्यागणिक थोडा फरक असतो. गुरुजींनी वेगळा ठेका सांगितला असेल तर तोच घ्या, माझा नको. आता घरं पाडा. पहिली मात्रा ‘धी ऽ ऽ ऽ’, दुसरी ‘ना ऽ ऽ ऽ’, तिसरी ‘धी ऽ धी ऽ’. दहावीला ‘ति र कि ट’ चारही घरं भरतात, तिथे अवग्रह नाही. आठवीतला ‘क्र’ मी चक्क गाळतो आणि ‘ती ऽ ऽ ऽ’ ठेवतो. तो हाताने निसटता वाजतो तेव्हाच गोड लागतो. घरात कोंबला की अडखळल्यासारखा ऐकू येतो.

यंत्रायंत्रात बटणं वेगळी असतात. काहींत मात्रा पुढे सरकवत बोल भरायचे, काहींत ताल चालू असताना बटणावर बोट मारून ‘वाजवायचा’. दुसरा प्रकार दिसायला मजेशीर, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बोट किंचित उशिरा पडलं की बोल शेजारच्या घरात जातो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. तुमच्याकडे ‘धी’ असा तयार बोल नसून दायाँ (उजव्या हाताचा तबला) आणि डग्गा वेगळे भरायची सोय असेल, तर ‘धी’ म्हणजे ‘ती’ आणि डग्ग्याचा ‘गे’ एकाच घरात. ‘कत्’ला डग्ग्याचा फक्त बंद आवाज.

भरून झालं की लय ठेवा मिनिटाला ३० मात्रा. आवर्तनाला ३० सेकंद लागतील, मोजायला निवांत. टाळी देत ऐका, पण सगळं लक्ष डग्ग्यावर असू द्या. आठव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबायला हवा आणि थेट तेराव्याच्या ‘धी’वर परतायला हवा. मधे कुठे घुमला तर तिथे ‘ती’ऐवजी ‘धी’ पडला आहे. डोळ्यांनी घरं तपासण्यापेक्षा ही युक्ती लवकर चूक पकडते. तीनतालावर सवय करून घ्या: तिथे खाली नवव्या मात्रेवर, पण ठेक्यात तिथे ‘धा’च असतो. घुमारा दहाव्याला जातो आणि चौदाव्याला परत येतो. कान हे एकदा ओळखू लागले की गाता गाता हरवलात तरी यंत्रच तुम्हाला जागेवर आणतं.

लयीच्या आकड्यावर फार विसंबू नका. विलंबित एकतालात काही यंत्रं १२ मात्रा मोजतात, काही प्रत्येक मात्रेचे चार भाग करून ४८. एकाच गतीला एकावर १५ दिसेल, दुसऱ्यावर ६०. घड्याळ लावून एक आवर्तन मोजा: ४८ सेकंद लागले तर मात्रा चार सेकंदांची.

सुराचं थोडक्यात. आधी तानपुरा लावा, मग दायाँ त्याच्या षड्जाला मिळवा. पट्टीचं बटण ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’वर नेलं की काम झालं असं नाही, बारीक फिरकीने शेवटचा सूर जुळवावाच लागतो. पट्टी मूळ आवाजापासून फार लांब ओढली तर तबला डबा वाजल्यासारखा होतो. डग्गा थोडा कमी ठेवा. छोट्या स्पीकरवर तो गुरगुरतो आणि खर्जात गाताना तुमचाच आवाज झाकतो.

आणि हो, ठेक्यात तुकडे, भरणा, तिहाई घालायचा मोह होईल. मी एकदा सवारीच्या शेवटच्या मात्रेत ‘तिरकिट’ टाकला होता. पहिल्या आवर्तनाला वाहवा, दहाव्याला डोकं उठलं, कारण तो दर वेळी तस्साच, त्याच जोराने. माणूस वाजवणारा तुमची तान लांबली तर हात हलका करतो, हे यंत्र तसं करणार नाही. त्याच्याकडून नुसता ठेका घ्या.

साठवताना ताल बंद करून साठवा आणि यंत्र एकदा बंद-चालू करून बघा. माझ्या जुन्या यंत्रातला आतला सेल मेला होता, त्यामुळे भरलेली सवारी दर सकाळी गायब. सेल बदलेपर्यंत ६० घरांचा कागद यंत्राच्या खालीच चिकटवून ठेवला होता. तो अजून तिथेच आहे.