वरणाचं पाणी चालेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे यजमान 38 वर्षांचे आहेत. वर्षभर पोटदुखी, जुलाब, मधूनमधून ताप. आधी आतड्याचा टीबी समजून औषधं झाली, मग पुन्हा दुर्बिणीतून तपासणी केली आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, निघाला. वजन 65 वरून 52 वर आलंय, गेला आठवडाभर तर पोटात जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे फक्त डब्यातली पावडर कालवून प्यायला सांगितली आहे, बाकी पाण्याशिवाय काही नाही. सासूबाई म्हणतात, पातळच द्यायचं तर घरचं वरणाचं पाणी, पेज, ताक, शहाळं काय वाईट? शिवाय हे लहान मुलांना देतात असं कळलं. मोठ्या माणसाला उपयोग होतो का? गणपती तोंडावर आलेत, एखादा मोदक तरी चालेल ना?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न आधी घेते, कारण सहा आठवडे तुमच्या स्वयंपाकघरात रोज तोच निघणार आहे.

52 किलोच्या माणसाला किलोमागे तीसेक कॅलरी धरल्या तरी दिवसाला 1,600च्या आसपास लागतात. ही पावडर साधारणपणे एका मिलिलिटरला एक कॅलरी पडेल अशी कालवतात. म्हणजे 200 मिलिलिटरचे आठ पेले झाले. आता तेवढाच पेला पातळ ताकाचा घ्या. त्यात 30-40 कॅलरी. आठही पेले ताक प्यायलं तरी दिवसाच्या गरजेच्या पाचव्या हिश्शापुढे मजल जात नाही. शहाळ्याचं पाणी त्याच मापाचं. वरणाच्या पाण्यात तर डाळ खाली राहते आणि हळदीचा रंग तेवढा वर येतो. सासूबाईंना सांगा, तापातून उठलेल्या माणसाला दोन दिवस पेज देणं वेगळं आणि हे वेगळं. इथे औषध ‘पातळ’ हे नाही. शरीराला लागणारं सगळं मोजून त्या पेल्यात आहे, आणि त्याशिवाय आतड्यात दुसरं काही जात नाही, या दोन्ही गोष्टी मिळून औषध होतं. वाटीभर वरणाचं पाणी प्यायलं की दुसरी अट मोडते आणि पोट भरल्यासारखं होऊन एक पेला राहतो, म्हणजे पहिलीही मोडते.

डबा मात्र डॉक्टरांनी लिहून दिला तोच आणा. जिमवाल्यांची प्रोटीन पावडर दिसायला तशीच असते, पण तिच्यावर माणूस जगत नाही. 400 ग्रॅमचा डबा जवळजवळ रोज एक संपेल, तेव्हा सहा आठवड्यांचे चाळीसेक डबे धरून खर्चाचा अंदाज आजच घ्या. तिसऱ्या आठवड्यात पैशापायी पावडर कमी घालून पातळ कालवणारी घरं मी पाहिली आहेत.

मोठ्यांना उपयोग होतो का? होतो, पण अट आहे. क्रोन्सच्या मुलांमध्ये हा पहिल्या पसंतीचा उपाय आहे. मोठ्यांमध्ये स्टिरॉइडशी, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाशी, तुलना केली तर स्टिरॉइड पुढे दिसतं. त्याचं मोठं कारण, मोठी माणसं चवीला कंटाळून मध्येच सोडतात. जी शेवटपर्यंत नेतात त्यांच्यात फरक बराच कमी होतो. जपानमध्ये तर मोठ्या रुग्णांना असं द्रव वर्षानुवर्षं देत आले आहेत. तिथे आजार शांत झाल्यावरही अर्ध्या कॅलरी द्रवातून आणि अर्ध्या जेवणातून, अशी पद्धत वापरली जाते. तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की आपल्याकडे ही गल्लत चांगल्या डॉक्टरांचीही होते. टीबीची शंका थोडीही उरली असेल तर स्टिरॉइड देताना हात आखडतो, कारण त्याने टीबी भडकू शकतो, आणि या द्रवाला ती भीती नाही. शिवाय 13 किलो उतरलेल्या अंगाला आधी भरण हवीच आहे.

चवीचं मला कोणी सांगू नये. पेशंटला सांगायचं तर आपण प्यावं, म्हणून मी एकदा तीन दिवस फक्त हेच प्यायले. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घराबाहेर पडले, आणि इंदूरात त्या वेळी नाक बंद ठेवून कोण चालू शकतं? कोपऱ्यावर पोह्यांच्या पातेल्यातून वाफ, वर शेव, जिरावण! डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही. भूक नव्हती हो, दातांना काही चावायचं होतं. तेव्हा यजमानांसमोर आठवडाभर तरी फोडणी देऊ नका, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची फेरी तर नकोच.

कालवताना आधी उकळून गार केलेलं पाणी भांड्यात घ्या, मग डब्यावर दिलेल्या मापाने पावडर थोडी थोडी घाला आणि रवीने घुसळा. उलट केलंत तर तळाशी गुठळ्या बसतात आणि त्या गुठळीच्या एका घोटाने माणूस कायमचा विटतो. फ्रिजमध्ये गार करा, झाकणाच्या पेल्यात स्ट्रॉ घालून द्या, म्हणजे वास कमी येतो. एक पेला अर्ध्या-पाऊण तासात, घोटघोट. घटाघट प्यायलं की मळमळ आणि जुलाब ठरलेले. कालवलेलं फ्रिजमध्ये 24 तासांच्या पुढे ठेवू नका. अगदीच घशाखाली उतरेना तर नाकातून बारीक नळी घालून देता येतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण काही जणांना तेच सोपं जातं.

एका गोष्टीत घाई नको. आठवडाभर उपाशी असलेल्या, एवढं वजन घटलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी आठ पेले दिले तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन उतरू शकतं आणि ते हृदयावर येतं. आधी रक्त तपासून, बी-1 जीवनसत्त्व देऊन, दोन-तीन पेल्यांपासून चढवत न्यायचं असतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल तर सुरू करण्याआधी फोन करून विचारा. आणि पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर पेला खाली ठेवून थेट दवाखाना गाठा.

मोदक? नाही. एका मोदकाने आकाश कोसळत नाही, पण आपल्या घरांत एक मोदक एकटा कधी येतो का? ह्यांच्या नावचा तुम्ही खा. सहा आठवड्यांनी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज किती उरली ते सांगणारे आकडे, बघून जेवण एकेक पदार्थाने परत आणतात, पहिला मान मऊ भाताचा. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर नारळाचा चव बराच उशिरा. आणि हे द्रव आजार शांत करतं, समूळ घालवत नाही. सोबत लिहून दिलेल्या गोळ्या चालूच राहतील.

प्रश्न : मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, वय 51. गोळ्यांऐवजी सहा आठवडे पावडरच प्यायली तर?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : नको. वरचा सगळा हिशेब क्रोन्सचा आहे. मोठ्या आतड्याच्या तुमच्या आजारात फक्त द्रवावर राहून आजार आटोक्यात आणता येतो, असं धरून चालता येत नाही. वजन घटलं असेल तर पावडर जरूर घ्या, जेवणासोबत. रक्त पडतंय का आणि गोळ्या आपणहून सोडल्यात का, हे पत्रात नाही. पुढच्या पत्राची वाट न पाहता ते तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा.