टेस्ट रात्री फेल, सकाळी पास, तर रीरन लावावा का?

तुम्ही लिहिलंय, रात्रीच्या बिल्डमध्ये, म्हणजे ॲप आपोआप बनवून तपासण्याच्या फेरीत, चार-पाच टेस्ट पडतात, सकाळी चालवल्या की पास होतात आणि लीड म्हणतात रीरन लावून टाका, म्हणजे पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालेल. नका लावू.

आमच्याकडे हे आठ महिने चाललं. कर्जाचे हप्ते भरायचं ॲप होतं. माझी एक टेस्ट हप्ता भरायची आणि आजच्या तारखेच्या पावत्यांत तो दिसतो का बघायची. बिल्ड पहाटे चारला सुरू व्हायचं. आठवड्यातून तीन-चारदा ही टेस्ट लाल. दहाला ऑफिसात येऊन चालवली की हिरवी. लीड म्हणायचे, "फ्लेकी आहे गं, सोड." म्हणजे कोडमध्ये काही न बदलता कधी पास, कधी फेल होणारी. तुला टेस्ट लिहिता येत नाहीत, हेही स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर ऐकून घेतलं.

मग मी एक्सेलमध्ये रोज ती टेस्ट नेमकी किती वाजता चालली ते लिहायला लागले. सव्वा महिन्याने वेळेप्रमाणे सॉर्ट केलं. साडेपाचच्या आधीच्या सगळ्या लाल, नंतरच्या सगळ्या हिरव्या. एकही अपवाद नाही! आधीच्या टेस्ट रेंगाळल्या की हिचा नंबर साडेपाचनंतर लागायचा, म्हणून ती लहरी वाटायची. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, आणि सर्व्हर पावतीवर यूटीसीची तारीख टाकत होता. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत भरलेला प्रत्येक हप्ता आदल्या दिवशी नोंदला जात होता, एक तारखेचा तर मागच्या महिन्यात. खऱ्या ग्राहकांच्या पावत्यांवर.

तुम्हीही प्रत्येक रनची वेळ, मशीन, आधी चाललेली टेस्ट आणि एरर लिहून ठेवा. पास झालेल्या रनचंही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? ठरावीक टेस्टनंतरच पडत असेल तर त्या आधीच्या टेस्टचा डेटा मागे उरतोय. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांतल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या तपासणाऱ्या २०१४च्या अभ्यासात सगळ्यात मोठा गट, सुमारे ४५ टक्के, उत्तर येईपर्यंत नीट वाट न बघण्याचा होता. त्यामुळे स्लीपचे, म्हणजे टेस्टला ठरावीक वेळ नुसतं थांबवण्याचे, सेकंद वाढवत बसू नका, हवी ती गोष्ट स्क्रीनवर येईपर्यंत थांबा.

बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या टेस्टला एखादा रीरन चालतो, पण पहिलं फेल लॉगमधून पुसलं जाऊ देऊ नका.

लीडना शीट दाखवा. मी दाखवली, त्याच दिवशी डेव्हलपरने तारीख दुरुस्त केली. टिकटचं 'फ्लेकी टेस्ट' हे नाव मात्र मलाच बदलावं लागलं. टेस्ट बरोबर होती, असं अजून कोणी मला म्हटलेलं नाही.