अझरबैजानची राजधानी बाकूमध्ये तेल अभियंत्यांसाठी वेगळं विद्यापीठ का काढावं लागलं? यांत्रिकी अभियंते पुरले नसते का?

नसते पुरले. कारण बाकूच्या विहिरींतच आहे, म्हणून आधी विहिरींचं सांगतो आणि मग संस्थेचं.

१९०१ च्या सुमारास जगातलं जवळपास निम्मं तेल एकट्या बाकूच्या परिसरातून निघत होतं. जमिनीचे तुकडे लहान, मालक अनेक, त्यामुळे शेजाऱ्याच्या आधी उपसा करायची घाई. पण खालचा थर सगळ्यांचा एकच. अंदाधुंद उपशाने थरातला दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटून निघून जातो आणि मागे उरलेलं घट्ट तेल खडकातून हलेनासं होतं. उपसाही झेलोन्काने चाले. झेलोन्का म्हणजे तळाशी झडप असलेलं लांब नळकांडं. ते खालीवर करायचं तर विहिरीचं तोंड उघडं ठेवावं लागे, म्हणजे तिथूनही वायू वाया. त्यात भर म्हणजे तिथले वाळूचे थर भुसभुशीत. तेलाबरोबर वाळू येऊन विहीर बुजायची. सगळ्यात घातक पाण्याचा शिरकाव. केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या, बाहेरची पोकळी नीट बंद केली नाही की वरच्या थरातलं पाणी तेलाच्या थरात उतरतं, आणि एका विहिरीतली चूक शेजारच्या दहा विहिरींना भोवते. यात यंत्र बिघडलेलं नसतं. बिघडलेला असतो थर, आणि तो कुणाला दिसत नाही. भूविज्ञान, द्रवगतिकी, रसायन आणि यंत्रं एकाच डोक्यात असलेला माणूस लागतो तो इथे.

एप्रिल १९२० मध्ये बाकूत सोव्हिएत सत्ता आली, तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अझरबैजान पॉलिटेक्निक संस्था उघडली. १९३० मध्ये तिचं नाव अझरबैजान तेल संस्था झालं, १९३४ मध्ये औद्योगिक संस्था, १९५९ मध्ये तेल आणि रसायन संस्था. सोव्हिएत संघ फुटल्यावर ती तेल अकादमी झाली आणि २०१५ पासून अझरबैजान राज्य तेल आणि उद्योग विद्यापीठ. नावांच्या या जंत्रीत फार अडकू नका. पाहण्यासारखं आहे ते संस्थेच्या भोवती काय चाललं होतं ते.

१९२० च्या दशकात तिथे आघाताने खोदणं मागे पडून फिरत्या नळीने खोदणं आलं, झेलोन्का जाऊन खोल पंप आले. फिरत्या खोदाईत विहिरीत चिखल फिरवतात, आणि त्याचं वजन हेच खोदणाऱ्याच्या हातातलं मुख्य शस्त्र. १,००० मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचा दाब सुमारे ९८ बार भरतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). घनमीटरला १,२०० किलोचा चिखल असेल तर सुमारे ११८ बार. थराचा दाब याहून जास्त निघाला तर विहीर उसळते. उलट चिखल फार जड केला तर खडक फाटून चिखलच आत नाहीसा होतो, पातळी उतरते आणि विहीर मग वरच्या एखाद्या थरातून उसळते. ही मधली अरुंद वाट प्रत्येक विहिरीसाठी नव्याने काढावी लागते.

दुसरं उदाहरण टर्बोड्रिलचं. मात्वेय कापेल्युश्निकोव्ह यांनी बाकूत १९२२ मध्ये ते मांडलं: नळी फिरवायचीच नाही, चिखलाच्या प्रवाहावर तळाची टर्बाइन फिरवायची. पहिल्या नमुन्यात टर्बाइनचा टप्पा, म्हणजे पात्यांचा संच, एकच, म्हणून वेग भलताच आणि तो उतरवायला गिअर. वाळूमिश्रित चिखलाने पाती झिजत आणि गिअरमध्ये चिखल शिरे. १९३० च्या दशकात तिथल्याच अभियंत्यांनी शंभरावर टप्पे एका दांड्यावर ओवले, गिअर काढून टाकला आणि मग हे यंत्र चाललं. नळी फिरत नसल्याने तळाशी वाकडा तुकडा लावून हव्या त्या दिशेला तिरकी विहीर नेता येते. समुद्राखालचं तेल काढायला याचा मोठा उपयोग. नोव्हेंबर १९४९ मध्ये कॅस्पियन समुद्रात नेफ्त दाशलारी इथे तेल लागलं तेव्हा लाटा आणि खाऱ्या पाण्याने गंजणारे पोलादी खांब हा आणखी एक विषय समोर आला.

या संस्थेतून बाहेर पडलेल्यांचा पल्ला पाहायचा तर भूवैज्ञानिक फरमान सलमानोव यांचं नाव घ्यावं लागेल. १९५४ चे पदवीधर. वरिष्ठांची परवानगी नसताना त्यांनी १९५७ मध्ये आपली तेल शोधणारी तुकडी पश्चिम सायबेरियातल्या सुरगुतला हलवली, आणि मार्च १९६१ मध्ये त्याच भागातल्या मेगिओनला तेल उसळलं. पुढे अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोझे एदुआर्दो दोस सांतोस यांनीही तेल अभियांत्रिकीची पदवी इथेच, १९६९ मध्ये घेतली.